मधुमेहाची औषधं निवडताना: साखरेच्या आकड्याआधी बघायच्या गोष्टी

आईचा एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, ६.४ आला तेव्हा घरात सगळे खूश होते. आठ दिवसांनी पहाटे तीनच्या सुमारास ती बिछान्यात उठून बसलेली दिसली. अंगाला दरदरून घाम, उशीचा अभ्रा ओलाचिंब, आणि मी विचारत होतो एक, ती उत्तर देत होती भलतंच. ग्लुकोमीटरने आकडा दाखवला ५२. पाण्यात तीन चमचे साखर ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी ७८ झाली, तेव्हा कुठे माझे हात थरथरायचे थांबले. तिचं वय तेव्हा ७४, किडनी मंद (तिचं काम दाखवणारा ईजीएफआर ४१), आणि दिवसातून दोनदा ग्लिबेनक्लामाइड नावाची साखर उतरवणारी गोळी चालू. ज्या ६.४ वर आम्ही पाठ थोपटून घेत होतो, तो आकडा इतका देखणा होता कारण रात्री साखर खड्ड्यात जात होती. सरासरी काढताना हे खड्डे दिवसाच्या चढांमध्ये बुजून जातात.

त्या रात्रीनंतर टाइप २ मधुमेहाच्या औषधांची तुलना मी उलट्या टोकाकडून करायला शिकलो. ‘कुठली गोळी साखर जास्त उतरवते?’ हा प्रश्न शेवटी येतो. त्याआधी विचारायचं, की ही गोळी ज्याच्या पोटात जाणार त्याचं हृदय कसं आहे, किडनी किती चालते, वजन किती, आणि साखर एकदम उतरली तर त्याला परवडेल का. खाली जे लिहिलंय ते नव्याने निदान झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. औषध आणि डोस ठरवणार डॉक्टरच. पण समोर बसल्यावर आपण काय ऐकतोय ते कळलं पाहिजे आणि काय विचारायचं तेही.

पायरी १: एक पान भरून ठेवा

फाइल जाडजूड असते, पण औषध निवडायला लागणारी माहिती एका पानावर मावते. मधुमेह किती वर्षांचा, शेवटचे दोन-तीन एचबीए१सी तारखेसह, ईजीएफआर, लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी, वजन आणि उंची, डोळ्याच्या पडद्याची शेवटची तपासणी. हार्ट अटॅक, स्टेंट, पक्षाघात, हार्ट फेल्युअर यांपैकी काही झालंय का. साखर ७० च्या खाली किती वेळा गेली आणि कधी. चालू असलेली सगळी औषधं, गुडघेदुखीची आणि ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेलीसुद्धा. आणि एक ओळ जी कुणी लिहीत नाही: माणूस एकटा राहतो का, गाडी चालवतो का, जेवणाच्या वेळा पाळल्या जातात का. एकटं राहणाऱ्या वयस्कर माणसाची साखर रात्री उतरली तर ती बघायला कुणी नसतं. औषधाच्या निवडीत या ओळीला एखाद्या रिपोर्टइतकंच वजन आहे.

एचबीए१सी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा ठसा. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर साधारण १५४. बहुतेक प्रौढांसाठी ७ च्या खाली हे उद्दिष्ट धरतात. वय झालेलं, सोबत इतर मोठे आजार, साखर उतरण्याचा धोका, अशा माणसासाठी ८ च्या खाली असलं तरी डॉक्टर समाधानी असतात, आणि ते बरोबर आहे. रक्तक्षय, थॅलेसेमिया, नुकतंच दिलेलं रक्त, किडनीचा पुढे गेलेला आजार यांत हा आकडा फसवतो. तेव्हा ग्लुकोमीटरच्या नोंदींवर जास्त भरवसा ठेवायचा.

ईजीएफआर म्हणजे किडनी दर मिनिटाला किती रक्त गाळते त्याचा अंदाज. ४५ आणि ३० हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे ते परत येणार आहेत. लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर ३० च्या खाली असावं. ते वर गेलं तर ईजीएफआर चांगला असूनही किडनीला झळ लागायला सुरुवात झाली असं समजायचं.

पायरी २: हृदय किंवा किडनीपुढे खूण असेल तर आधी तिकडे

रोझिग्लिटाझोन नावाचं औषध साखर छान उतरवायचं, पण २००७ मध्ये त्याने हार्ट अटॅक वाढतात की काय अशी शंका निघाली आणि खळबळ उडाली. पुढच्या वर्षी, २००८ मध्ये, अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मधुमेहाच्या प्रत्येक नव्या औषधाने हृदयाला अपाय होत नाही हे दाखवून द्यावं असा दंडक घातला. कंपन्यांना हजारो रुग्णांवर वर्षानुवर्षं चालणारे अभ्यास करावे लागले. अपाय शोधायला काढलेल्या या अभ्यासांत दोन गटांच्या औषधांनी चक्क फायदा दाखवला.

पहिला गट एसजीएलटी२ रोधकांचा: एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ दिसलं की हाच गट. किडनी रोज साधारण १८० ग्रॅम ग्लुकोज गाळते आणि जवळजवळ सगळं परत रक्तात ओढून घेते. या गोळ्या ते परत ओढणं अडवतात, मग दिवसाला ६०-८० ग्रॅम साखर लघवीवाटे निघून जाते. यात इन्सुलिनचा काही संबंध येत नाही, त्यामुळे नुसत्या या गोळीने साखर धोक्याइतकी सहसा उतरत नाही. वजन दोन-तीन किलो कमी होतं, रक्तदाब थोडा खाली येतो.

२०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या अभ्यासाचा निकाल आला. आधीच हृदयविकार असलेले सात हजारांवर रुग्ण, साधारण तीन वर्षं. हृदयविकाराने दगावणाऱ्यांचं प्रमाण खोटी गोळी घेणाऱ्यांत शंभरात सहाच्या जवळ, औषध घेणाऱ्यांत चारच्याही खाली. दोन्ही गटांच्या एचबीए१सीत फरक मात्र जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर. एवढ्याशा फरकाने मृत्यू इतके घटत नाहीत, म्हणजे औषध साखरेपलीकडे काहीतरी करत होतं. मग २०१९ आणि २०२० मध्ये हार्ट फेल्युअर आणि किडनीच्या रुग्णांत डापाग्लिफ्लोझिनचा फायदा दिसला, मधुमेह नसलेल्यांतही. म्हणून पानावर हार्ट फेल्युअर किंवा किडनीची खूण असेल, तर एचबीए१सी ६.८ असला तरी ‘या गटातलं औषध माझ्यासाठी आहे का?’ हे विचारायचंच. ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की या गोळ्यांचा साखरेवरचा परिणाम मंदावतो, किडनीला मिळणारं संरक्षण मात्र चालू राहतं. सुरुवातीच्या आठवड्यांत ईजीएफआर थोडा घसरतो. ती घसरण अपेक्षित असते, तेवढ्यावरून घाबरून गोळी बंद करायची नाही.

आता याची दुसरी बाजू. लघवीत साखर म्हटल्यावर तिथे बुरशी वाढते. जननेंद्रियाच्या जागी खाज, लाली, पांढरा स्राव हा सगळ्यात जास्त दिसणारा त्रास, आणि संकोचापोटी लोक महिनोन्‌महिने तो सांगत नाहीत. जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवणं, खाज सुरू होताच सांगणं, एवढ्याने बहुतेकांचं भागतं. तिथे खूप दुखणं, सूज आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पाणी कमी प्यायलं आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी चालू असली तर उठताना चक्कर येते.

दुर्मीळ पण जिवावर बेतणारी गोष्ट म्हणजे कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात कीटोन नावाची आम्लं साठणं. एरवी यात साखर ३००-४०० च्या पुढे असते. या गोळ्यांवर मात्र ती २०० च्या खाली असतानाही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं ही लक्षणं दिसली की मीटरवरचा आकडा बरा दिसतोय म्हणून थांबायचं नाही, कीटोनची तपासणी करायला सांगायचं. ठरवून करायच्या ऑपरेशनच्या साधारण तीन दिवस आधी या गोळ्या थांबवतात. कडक उपास आणि पिष्टमय पदार्थ जवळपास बंद करणारा आहार या गोळ्यांवर असताना करू नये.

आणि एक बारीक गंमत: या गोळीवर असताना लघवीच्या साध्या तपासणीत ग्लुकोजपुढे तीन-चार अधिक चिन्हं येतात. रिपोर्ट हातात पडला की माणूस हादरतो. प्रत्यक्षात गोळी आपलं काम करतेय एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा गट जीएलपी१ औषधांचा: लिराग्लुटाइड, डुलाग्लुटाइड, सेमाग्लुटाइड. टिरझेपटाइड याच घरातलं, पण ते जीआयपी नावाच्या आणखी एका संप्रेरकाचंही काम करतं. जेवल्यावर आतडं जीएलपी१ सोडतं आणि ते स्वादुपिंडाला ‘साखर येतेय’ असा निरोप देतं. शरीरातला निरोप काही मिनिटांत पुसला जातो, औषधातला दिवसभर किंवा आठवडाभर टिकतो. गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत असाच एक टिकाऊ रेणू सापडला आणि त्यावरून बनलेलं एक्झेनाटाइड २००५ मध्ये बाजारात आलं.

साखर वाढलेली असेल तेव्हाच ही औषधं इन्सुलिन सोडायला लावतात, पोट हळू रिकामं करतात आणि भूक मारतात. हार्ट अटॅक आणि पक्षाघात टाळण्यात लिराग्लुटाइड, डुलाग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइड यांचा फायदा सिद्ध झालाय, आणि २०२४ मध्ये सेमाग्लुटाइडचा किडनीसाठीही दिसला. वजन उतरवण्यात यांच्या जवळपास कुणी येत नाही. टिरझेपटाइड आणि १ मिलिग्रॅम सेमाग्लुटाइड समोरासमोर ठेवून केलेल्या ४० आठवड्यांच्या अभ्यासात टिरझेपटाइडने डोसनुसार साधारण साडेसात ते अकरा किलो वजन कमी झालं, सेमाग्लुटाइडने सहाच्या आसपास. एचबीए१सी दोन्हींत दोन टक्क्यांच्या आसपास उतरला. वजनाबरोबर स्नायूही झडतात, त्यामुळे प्रथिनं आणि थोडा जोर लावायचा व्यायाम लागतोच. औषध थांबलं की वजन परत चढायला लागतं, हेही आधीच माहीत असावं.

त्रास पोटाचा: मळमळ, उलट्या, जुलाब किंवा बद्धकोष्ठ. म्हणून डोस पायऱ्यापायऱ्यांनी चढवतात. सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमने सुरू करून चार आठवड्यांनी ०.५ वर नेतात. घाई केली की माणूस तिसऱ्या आठवड्यात औषध सोडतो. पित्ताशयात खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर ही औषधं देत नाहीत. डोळ्याच्या पडद्याचा आजार आधीच असेल आणि साखर भराभर उतरली तर तो तात्पुरता बळावू शकतो, म्हणून सुरू करण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला या इंजेक्शनबद्दल आवर्जून सांगायचं, कारण पोटात अन्न रेंगाळलेलं असू शकतं.

सेमाग्लुटाइड गोळीच्या रूपातही मिळतं, पण तिचे नखरे फार. सकाळी उठल्या उठल्या, पूर्ण उपाशीपोटी, फार तर १२० मिलिलिटर साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर निदान अर्धा तास चहा नाही, दुसरी गोळी नाही, काही नाही. अर्ध्या कपभर पाण्याचा हा नियम मोडला तर औषध रक्तात पोचतच नाही. सकाळी थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी दोन्हींची वेळ डॉक्टरांकडून नीट लावून घ्यावी.

पायरी ३: मेटफॉर्मिन कुठे बसतं ते ठरवा

हृदय आणि किडनी ठीक असेल, तर बहुतेकांची सुरुवात अजूनही मेटफॉर्मिननेच होते, आणि मला वाटतं ते योग्यच आहे. फ्रान्समध्ये १९५७ पासून वापरात असलेलं हे औषध यकृतातून रक्तात सुटणारी साखर कमी करतं. एचबीए१सी एक ते दीड टक्का उतरतो, वजन वाढत नाही, एकट्याने घेतलं तर साखर धोक्याइतकी सहसा उतरत नाही, आणि स्वस्त आहे.

मेटफॉर्मिन सोडणारे बहुतेक लोक ते सुरुवातीलाच सोडतात, पोट बिघडल्यामुळे. यातला बराचसा दोष सुरुवात करण्याच्या पद्धतीचा असतो. रात्रीच्या जेवणाबरोबर ५०० मिलिग्रॅम, आठवड्याने वाढ, आणि जेवणाच्या मधोमध किंवा लगेच नंतर घेणं, एवढ्याने पुष्कळांचं निभतं. तरी जमेना तर हळूहळू विरघळणारी गोळी मागावी. त्या गोळीचं रिकामं कवच कधीकधी शौचात तसंच्या तसं दिसतं. औषध आत उतरलेलं असतं, निघतो तो सांगाडा. रोजच्या २००० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊन फारसं काही पदरात पडत नाही.

ईजीएफआर ४५ च्या खाली असेल तर नव्याने सुरू करत नाहीत, चालू असेल तर डोस कमी करतात. ३० च्या खाली बंद. रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन करायचा असेल तर आधी विचारायचं. आणि बी१२! अनेक वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हे जीवनसत्त्व कमी होतं. पायाला मुंग्या येतात, त्या मधुमेहाने नसा खराब झाल्याच्या म्हणून गृहीत धरल्या जातात, आणि बी१२ कुणी तपासतच नाही. वर्षा-दोन वर्षांतून एकदा ही तपासणी स्वतःहून मागा.

पायरी ४: साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या नीट ओळखा

१९४२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात टायफॉइडच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध देत होते. जंतू बाजूलाच राहिले, रुग्णांची साखर धडाधड उतरायला लागली. त्यातून आला सल्फोनिलयुरिया गट: ग्लिबेनक्लामाइड, ग्लिपिझाइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिमेपिराइड. या गोळ्या स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढतात, रक्तात साखर आहे की नाही हे न बघता. गोळी घेतली आणि जेवण राहिलं, की साखर खाली. वजनही दोनेक किलो वाढतं.

तरी या गटाला सरसकट वाईट म्हणणं मला पटत नाही. औषध स्वस्त आहे, काही दिवसांतच गुण दिसतो, आणि एचबीए१सी मेटफॉर्मिनइतकाच उतरतो. ‘यांनी हृदय बिघडतं’ ही जुनी भीती ग्लिमेपिराइडच्या बाबतीत तरी २०१९ मध्ये मिटली. सहा हजारांवर लोकांना सहा वर्षांहून जास्त काळ ग्लिमेपिराइड किंवा लिनाग्लिप्टिन (पायरी ५ मधल्या ग्लिप्टिन गटातलं औषध) देऊन पाहिलं, हृदयाच्या बाबतीत दोन्ही सारखीच. फरक पडला तो साखर उतरण्यात: लिनाग्लिप्टिनवर शंभरात साधारण ११ जणांची कधी ना कधी उतरली, ग्लिमेपिराइडवर ३८ जणांची. चाळिशीतला, वेळेवर जेवणारा, किडनी चांगली असलेला माणूस हा धोका पेलू शकतो. माझ्या आईसारख्याला ग्लिबेनक्लामाइड देणं म्हणजे अवघडच. किडनी मंद असली की ते शरीरात साठून राहतं, आणि साखर एकदा वर आणल्यावरही दिवसभरात पुन्हा पुन्हा खाली जाऊ शकते. म्हणून अशा वेळी घरी उपचार करून विषय संपवायचा नाही, डॉक्टरांना लगेच कळवायचं. आम्ही कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी ते औषध कायमचं बंद झालं.

या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर उतरण्याची लक्षणं घरातल्या सगळ्यांना पाठ हवीत: घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणं. साखर ७० च्या खाली दिसली की १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट इस्पितळ. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो. तेव्हा घामाकडे लक्ष ठेवा.

पायरी ५: उरलेल्यांची ओळख

सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन ही ग्लिप्टिन मंडळी शरीरातलं जीएलपी१ मोडू देत नाहीत. एचबीए१सी अर्धा ते पाऊण टक्का उतरतो, वजन आहे तिथेच राहतं, साखर फारशी कोसळत नाही, पोटाला त्रास नाही. हृदयाला फायदा नाही, आणि सॅक्साग्लिप्टिनने तर हार्ट फेल्युअरसाठी भरती होणं थोडं वाढलेलं २०१३ मध्ये दिसलं. सौम्य, सालस, थोडं कमी पडणारं औषध. पण वयस्कर, नाजूक माणसाला असंच औषध हवं असतं. लिनाग्लिप्टिनला किडनीसाठी डोस बदलावा लागत नाही. आईला पुढे तेच दिलं.

पायोग्लिटाझोन शरीराला स्वतःचं इन्सुलिन नीट वापरायला लावतं आणि चरबी साठलेल्या यकृतालाही मदत करतं. पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने लागतात. पायाला सूज, वजनवाढ आणि हाडं ठिसूळ होणं ही किंमत. हार्ट फेल्युअर असेल किंवा मूत्राशयाचा कर्करोग झालेला असेल तर ते घ्यायचं नाही.

अकार्बोज आणि व्होग्लिबोज आतड्यात पिष्टाचं पचन लांबवतात. पहिल्या घासाबरोबर घ्यायचं. पोटात वायू धरतो. एक गोष्ट मात्र महत्त्वाची: सोबत दुसऱ्या औषधाने साखर उतरली तर घरातली साखर लवकर लागू पडत नाही, कारण तिचं पचनच अडवलेलं असतं. नुसती ग्लुकोज पावडर जवळ ठेवा.

पायरी ६: इन्सुलिनला शिक्षा समजू नका

मेटफॉर्मिनला जोड म्हणून चार औषधांची थेट तुलना करणारा एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये छापून आला. ५०४७ लोक, सरासरी पाच वर्षं. एचबीए१सी ७ च्या खाली टिकवण्यात ग्लार्जिन इन्सुलिन आणि लिराग्लुटाइड पुढे, ग्लिमेपिराइड त्यांच्या मागे, सिटाग्लिप्टिन शेवटी. पण चारही गट मिळून सुमारे ७० टक्के लोकांचा आकडा पुन्हा ७ च्या वर गेलाच. स्वादुपिंडाची ताकद वर्षागणिक कमी होत जाते, म्हणून औषध वाढतं. त्यात पेशंटचं पथ्य मोडलं असेलच असं नाही.

वजन झरझर उतरतंय, तहान भागत नाही, एचबीए१सी १० च्या वर आहे, अशा वेळी सुरुवातच इन्सुलिनने करतात, आणि साखर आटोक्यात आल्यावर ते पुष्कळदा थांबवताही येतं. सडपातळ माणसाची साखर झपाट्याने बिघडत असेल तर हा मुळात टाइप १ तर नाही ना, हे तपासून घ्यायला हवं. एरवी रात्री एकदा दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन, साधारण १० युनिटपासून, आणि सकाळच्या उपाशीपोटीच्या आकड्यावर दर काही दिवसांनी दोन युनिटची वाढ, असा रिवाज आहे. जीएलपी१ औषध देता येत असेल तर बऱ्याचदा इन्सुलिनच्या आधी तेच सुचवतात, कारण इन्सुलिनने वजन वाढतं. सुई नखाएवढी असते. त्याच त्या जागी टोचत राहिलं की कातडीखाली मऊ गाठ धरते, तिथे दुखत नाही म्हणून माणूस तिथेच टोचतो, आणि गाठीतून इन्सुलिन वेडंवाकडं शोषलं जातं. जागा रोज बदलायची. डॉक्टरांपुढे शर्ट वर करून गाठी दाखवायला लाजू नका.

पायरी ७: पाकीट उलटं करून वाचा

वर रंगीत ठळक अक्षरांत कंपनीने दिलेलं नाव, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत औषधाचं मूळ नाव. आपल्याला हवी ती खालची ओळ. एका गोळीत दोन-तीन औषधं असतात. एका डॉक्टरांनी दिलेल्या जोडगोळीत मेटफॉर्मिन, दुसऱ्यांनी लिहिलेल्या वेगळ्या नावाच्या गोळीतही मेटफॉर्मिन, आणि माणूस नकळत दुप्पट घेतो. जोडगोळी सोयीची खरी, पण सुरुवातीला औषधं सुटी घेतली तर त्रास कशाने झाला ते कळतं. नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर असेल तर ती गोळी कुटायची किंवा चावायची नाही. ग्लिप्टिन आणि जीएलपी१ औषध दोन्ही एकत्र दिसलं तर विचारा: दोघांचा रस्ता एकच, पैसे दोनदा.

पैशांचं डॉक्टरांपुढे स्पष्ट बोला. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन जुनी आणि स्वस्त. नवी बहुतेक महाग, आणि त्यांतल्या काहींच्या मूळ नावाने मिळणाऱ्या स्वस्त गोळ्याही निघाल्या आहेत. परवडत नाही म्हणून महागडी गोळी दिवसाआड घेणाऱ्यापेक्षा साधी गोळी रोज घेणारा बरा राहतो, हे डॉक्टरांनाही माहीत असतं. फक्त त्यांना कुणी सांगत नाही.

मूल हवं असेल तर तेही आधीच सांगा. ग्लिफ्लोझिन आणि जीएलपी१ गट गरोदरपणात चालत नाहीत. सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी थांबवतात. टिरझेपटाइड सुरू करताना गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो.

पायरी ८: बदल केल्यावर तीन महिने

नवं औषध सुरू केलं की पहिले दोन आठवडे उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर अधूनमधून लिहून ठेवा, शेजारी त्रासाची एक ओळ. एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत परत करून उपयोग नसतो. तीन महिन्यांनी आकडा हलला नाही तर आधी गोळ्या खरंच घेतल्या गेल्या का ते बघा, मग मधे स्टेरॉइड वगैरे काही घेतलं होतं का ते, आणि मग औषध बदला. वर्षानुवर्षं न हलणारं प्रिस्क्रिप्शन मला जास्त खटकतं.

उलट्या, जुलाब, ताप अशा दिवसांसाठी आजच विचारून ठेवा, त्या दिवशी सुचत नाही. साधारणपणे खाणंपिणं थांबलं असेल तर मेटफॉर्मिन आणि ग्लिफ्लोझिन तात्पुरतं थांबवतात, सल्फोनिलयुरिया जेवणाशिवाय घेत नाहीत, इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करायचं नसतं. कुठली गोळी किती दिवस थांबवायची हे प्रत्येकाचं वेगळं.

आईने आजारपणाच्या दिवसांचे हे नियम आपल्या अक्षरात एका चिठ्ठीवर लिहून औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेत. तिचा एचबीए१सी आता ७.४ असतो.